आईच्या नावाने

रुईने इराची वेणी घातली तेव्हाच सत्यवतीच्या मनात पाल चुकचुकली.

गुरुवारची सकाळ होती. लेक मनस्वी आणि तिचा हा पोर्तुगीज पाहुणा रुई लिस्बनहून पनवेलजवळच्या नेऱ्याला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. सून सई ऑफिसला निघायच्या घाईत, सहा वर्षांची इरा कंगवा घेऊन घरभर पळतेय, आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या रुईने हसत तिला समोर बसवून घेतलं. कंगव्याच्या टोकाने सरळ भांग पाडला, तीन पेड घेतले आणि पोरगी एकदाही 'आई गं' न म्हणता वेणी शेवटपर्यंत नेली. रबर त्याने आधीच स्वतःच्या मनगटात घालून ठेवलं होतं.

सत्यवती दारात वाल सोलत बसली होती. तिचे हात थांबले. तिच्या नवऱ्याने, भगवानने, दोन पोरं वाढवली, पण मनस्वीच्या केसांना त्याचा हात कधी लागला नव्हता. लेकाला, धनेशला, तर इरा कितवीत आहे हे विचारलं तरी बायकोकडे बघावं लागे. आणि हा अडतीस वर्षांचा, ट्राम दुरुस्त करणारा, बिनलग्नाचा गडी रबर मनगटात घालून वेणीला बसतो?

तिने लेकीला मोरीपाशी गाठलं.

"मनू, याला लान्या बहिणी हायत काय गं?"

"हो. दोन." मनस्वीने तोंडावर पाणी मारलं. "का गं आये?"

"काय नाय. वेणी चांगली घालतो."

आदल्या संध्याकाळी सईने त्याला इंग्रजीत विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. आईबापांना मी एकटाच, असं तो म्हणाला होता. सईने ते तिथल्या तिथे मराठीत सांगितलं होतं. मनस्वी तेव्हा आत बॅग उघडत होती.

सत्यवतीने वालाचं भांडं उचललं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं. परका माणूस खोटं बोलतोय हे मानणं सोपं होतं. तिने तेच मानलं.

* * *

शुक्रवारी धनेश दुपारी जेवायला घरी आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचा सळयांचा गाळा होता आणि एरवी तो डबाच नेई, पण बहीण सात वर्षांनी आली होती. टाकीत पाणी किती आहे ते बघायला तो गच्चीवर गेला, तर कठड्याला पाठमोरा रुई उभा, समोर फोन धरलेला.

पडद्यावर एक पोरगी होती. सात-आठ वर्षांची, शाळेच्या कपड्यांत. ती सारखी एकच शब्द ओरडत होती, "पाय! पाय!" मग एका बाईचा हात आला, त्याने पोरीपुढे दुधाचा कप ठेवला. बाई काहीतरी बोलली आणि रुई मोठ्याने हसला. घरच्या माणसाशी हसतात तसा.

धनेश पाय न वाजवता खाली उतरला.

"पाय पाय काय करत होती, काय कळलं नाय," संध्याकाळी त्याने सईला सांगितलं. "कोणाचे पाय?"

सईने फोनवर शोधलं. मग फोन पालथा ठेवला.

"धनेश, त्यांच्या भाषेत पाय म्हणजे बाबा."

तो पलंगावर बसला. सात वर्षांपूर्वी मनस्वीला शिकायला परदेशी पाठवायला घरात कोणीच तयार नव्हतं. एकटा धनेश उभा राहिला होता. काही झालं तर माझ्यावर, असं तो बापाला म्हणाला होता.

"बाई हाय, पोर हाय. सगळा संसार तिकडं ठेवून हा इकडं जावई व्हायला आलाय. बोल तू."

"आधी मनूला विचार."

"तिला काय माहीत असणार? फसवलंय तिला."

"आणि तिला माहीत असलं तर?"

"तर मला बोलली असती. मला ती सगळं बोलते."

 तीन दिवस सई एक गोष्ट बघत होती. रुईशी कोणी दोन वाक्यं इंग्रजीत बोलू लागलं की मनस्वी असेल तिथून यायची आणि मध्ये बसायची. बाजारात त्याच्यासोबत, विहिरीवर त्याच्यासोबत. सईला ते प्रेम वाटलं होतं. आता ते पहाऱ्यासारखं वाटू लागलं.

"रविवारी मोठे काका येतील तेव्हा विचारतो," धनेश म्हणाला.

"सगळ्यांसमोर नको रे."

"सगळ्यांसमोरच. पळायला जागाच नको त्याला."

* * *

काळूराम, भगवानचा थोरला भाऊ, दोनदा सरपंच झालेला. घरातलं कुठलंही लग्न त्याच्या होकाराशिवाय ठरलं नव्हतं. त्याच्यासाठी रविवारी भगवानने पहाटे जाऊन जिताडा मासा आणला. सत्यवतीने तुकड्या तळल्या, डोक्याचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या.

मनस्वी भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसली होती. रोज सकाळी उठून ती ठरवायची, आज आयेला सांगायचं. मंगळवारी आये दमलेली होती. बुधवारी शेजारणी आल्या. गुरुवारी आयेने बहिणींचं विचारलं आणि सांगण्याऐवजी मनस्वीने आणखी दोन बहिणी जन्माला घातल्या. शनिवारी ती सत्यवतीच्या मागे शेतापर्यंत गेली आणि मिरच्या तोडून परत आली.

"विचार त्याला, काम काय करतो," काळूराम म्हणाला.

"ट्राम दुरुस्त करतो, काका."

"म्हंजे एसटीच्या डेपोत मेकॅनिक असतो तसा?"

"तसाच."

"मग येवढ्या लांब कशाला गेलीस? पनवेल डेपोत सापडला असता."

सगळे हसले. भगवानही हसला, आठवड्यात पहिल्यांदा. रुईने जिताड्याचं डोकं हातात घेऊन एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला रांगेत लावला होता. काळूरामने ते बघितलं.

"मासा खाता येतो. बरा दिसतोय मानूस."

मनस्वीने श्वास सोडला. आता जेवण उरकलं की आयेला मागच्या दारी न्यायचं. आता नक्की.

"काका, एक मिनिट," धनेश म्हणाला. त्याने ताट पुढे सारलं आणि आपल्या इंग्रजीत सरळ रुईला विचारलं, "फ्रायडे. टेरेस. फोनवर स्मॉल गर्ल. हू इज शी?"

"दादूस, थांब, मी सांगते..."

"तू नको. त्याला बोलू दे."

पाहुणा चपापेल, लाल होईल, अशी धनेशची अपेक्षा होती. रुईचा चेहरा उलट खुलला. कोणीतरी एकदाचं विचारलं याचा आनंदच झाल्यासारखा.

"इनेस!" तो म्हणाला. "माझी मुलगी." आणि त्याने हसून मनस्वीकडे बघितलं. "आता बोलायचं ना? काका आले."

मनस्वीने त्याला विमानात सांगितलं होतं, आमच्याकडे रीत असते, थोरले काका आल्याशिवाय मुलांचा विषय काढायचा नाही. तोही बिचारा पाच दिवस रीत पाळत होता.

सईने हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, "मुलगी आहे त्याची. इनेस नाव. आठ वर्षांची."

"आनि बायको?" काळूरामने विचारलं.

सईने रुईला विचारून सांगितलं, "घटस्फोट झालाय, चार वर्षांपूर्वी. मुलगी एक आठवडा त्याच्याकडे असते, एक आठवडा आईकडे."

कोणी काही बोललं नाही. रुईला ती शांतता जेवणानंतरची वाटली असावी. त्याने हात पुसले, फोन काढला, एक फोटो उघडला आणि ताटं ओलांडून तो सत्यवतीसमोर येऊन बसला. फोटोत एक कुरळ्या केसांची पोर होती. हिरवा परकर, जांभळं पोलकं, दोन्ही हात कमरेवर.

"आजी," तो मराठीत म्हणाला. हे वाक्य त्याने पाठ केलेलं होतं, एकेक अक्षर जपून. "परकर खूप आवडला."

सत्यवतीने फोटोकडे बघितलं. मग लेकीकडे.

"काय बोलतोय हा?"

रुई सईला भराभर सांगू लागला आणि सईचा आवाज सांगता सांगता बारीक होत गेला. "हा परकर तुम्ही पाठवलात म्हणे, आई. दोन वर्षांपूर्वी. दिवाळीला बांगड्या पाठवल्यात. संक्रांतीला तिळाचे लाडू. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलंय, माझी एक आजी इंडियात आहे. ती रोज विचारते, आजीला माझा फोटो दाखवलास का."

मनस्वी उठून आईजवळ आली. वाकली आणि रुईला समजणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आये, हो बोल. येवढंच. नुसतं हो बोल. मग मला काय मारायचं ते मार."

* * *

सत्यवतीला 'हो' म्हणणं कठीण नव्हतं. मान हलवली की झालं. पोरीची अब्रू राहिली असती, पाहुणा खूश होऊन जागेवर बसला असता.

पण तिच्या स्वतःच्या लग्नात तिला सांगितलं होतं की मुलगा बंदरात नोकरीला आहे, पगारी. चौथ्या दिवशी ती सासूबरोबर खाडीकडे गेली, तर तिचा नवरा गुडघाभर चिखलात उभा राहून मीठ ओढत होता. मिठागराचं काम वाईट नव्हतं. पुढे तिने स्वतः दहा वर्षं केलं. वाईट हे होतं की त्या दिवशी नवरा सोडून खाडीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, हिला काय सांगून आणलंय ते. एकटी तीच नवी होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

आता रुईकडे सगळे तसेच बघत होते.

"नाय," सत्यवती म्हणाली. "मी काय नाय धाडलं. मला या पोरीचं नाव आज कळलं."

सईला भाषांतर करावं लागलं नाही. रुईने सत्यवतीची नकारार्थी हललेली मान बघितली होती. तो मनस्वीकडे वळला आणि त्यांच्या भाषेत एक छोटा प्रश्न विचारला. मनस्वीने खाली बघत एका शब्दात उत्तर दिलं. रुईने फोन खिशात ठेवला, "माफ करा," असं इंग्रजीत सगळ्यांना म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

काळूराम उठला. "भगवान, मी निगतो. लगीन मोडलेला, पोरीचा बाप. माझा होकार नाय."

"दादा, हात तरी धू."

"धुतो घरी जाऊन." दारात तो थांबला. "आनि त्याला दोष नको देऊ रे धनेश. तो खरं बोलला."

हेच धनेशला लागलं. दोन दिवस तो मनात वाक्यं जुळवत होता, त्या माणसाची कॉलर कशी धरायची ते. आता समोर फक्त बहीण होती.

"त्याला फसवा बोलत व्हतो मी," तो म्हणाला. "मला कशाला नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, सोड त्याला."

"बोललो असतो."

"मग?"

"मग तू भांडली असतीस ना! भांडायचं ना माझ्याशी! तुला पाठवताना मी बाबांशी महिनाभर भांडलो." त्याचा आवाज चिरकला. तो उठून बाहेर अंगणात गेला.

मनस्वी भिंतीला टेकून बसली आणि आईकडे न बघता बोलू लागली. इनेस सहा वर्षांची होती. एके दिवशी तिने विचारलं, तुझ्या आईला मी माहीत आहे का. मनस्वीच्या तोंडून 'हो' निघून गेलं. मग पोरीने विचारलं, मी तिला आवडते का. त्यालाही 'हो'. लिस्बनमध्ये भारतीय दुकानांची एक गल्ली आहे, तिथे परकर मिळाला. लाडू तिने स्वतः केले.

"मला वाटायचं, एक दिवस तुला सांगीन आणि मग ते सगळं खरंच होईल."

"माज्या नावानं," सत्यवती म्हणाली.

"हो."

"माज्या नावानं तू त्या पोरीला लाडू भरवलेस. मी जिवंत असताना." सत्यवतीने ताटं गोळा करायला घेतली, मग ती तशीच ठेवली. "सई, वर चल माज्यासंगं."

"मी येते, आये. तुला त्याचं बोलणं कळणार नाही."

"तू नको. सई सांगंल."

* * *

रुई शर्टांच्या घड्या घालत होता. सत्यवती दारातल्या खुर्चीवर बसली. तिने त्याला मिठागराची गोष्ट सांगितली, चौथ्या दिवसाची. सईने एकेक वाक्य थांबून सांगितलं. तो घड्या घालायचा थांबला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"खोटं सासऱ्यानं सांगितलं व्हतं. त्याच्याशी वरीसभर बोलले नाय. नवऱ्याशी बोलले. त्याला कुठं ठाऊक व्हतं, त्याच्या नावावर काय खपवलंय ते."

रुईने हातातला शर्ट बॅगेवर ठेवला. मग म्हणाला, "मला तिची भीती समजते. मला सांगितली असती तर मी आलोच नसतो, किंवा सगळं सांगून आलो असतो. पण इनेसला का मध्ये घातलं? ती माझ्याशी खोटं बोलली, त्याचं मी बघेन. इनेसला मी काय सांगू?"

"तू काय नको सांगू. जिनं केलं ती सांगंल."

"आणि तुम्ही? तुम्हाला आता माहीत झालंय. तुम्हाला काय वाटतं?"

सईने विचारलं, "आई, खरं सांगू का त्याला, जे म्हणाल ते?"

"खरंच सांग." सत्यवतीने पदर सारखा केला. "माज्या पोरीनं दुसऱ्याच्या पोरीची आई व्हावी, हे मला आवडलं नाय. आज नाय आवडत. उद्या काय, मला माहीत नाय. पन तू माज्या घरात पाच दिवस खोट्यात बसलास, त्यात तुला मी नाय बसवलं. येवढंच सांगायला आले."

रुईने ते ऐकून घेतलं. मग उघड्या बॅगकडे बघितलं. "विमान बुधवारचं आहे," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत राहतो. पुढचं मला आता सांगता येणार नाही."

"नको सांगू. खाली चहा ठेवते."

* * *

साडेसहाला रुई अंगणातल्या बाजेवर बसला. लिस्बनला दुपार होती आणि रविवारी इनेस याच वेळी जेवून उठे. त्याने फोन लावला, लेकीशी दोन वाक्यं बोलला आणि काहीही न सांगता फोन मनस्वीच्या हातात दिला.

भगवान ओट्यावर होता. धनेश मोटरसायकलपाशी पाठ करून उभा होता, पण गेला नव्हता. सत्यवती लेकीच्या शेजारी बसली, फोनच्या चौकटीत आपण दिसणार नाही इतकं अंतर ठेवून.

मनस्वी पोर्तुगीजमध्ये बोलू लागली. घरातल्या कोणालाच ते कळत नव्हतं, तरी सगळे ऐकत होते. 'आजी' हा एक शब्द मध्ये मध्ये येत होता. दोनदा ती थांबली, दोनदा तिने पुन्हा सुरुवात केली. पडद्यावरची पोर आधी हसत होती. मग तिने हसणं बंद केलं. शेवटी तिने काहीतरी विचारलं.

मनस्वीने फोनवर हात ठेवला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"काय बोलली?" सत्यवतीने विचारलं.

"विचारतेय, आजी रागावली आहे का."

सत्यवती सरकली. फोनच्या चौकटीत तिचा खांदा आला, मग अर्धा चेहरा, कपाळावरचं मोठं कुंकू. समोरची कुरळ्या केसांची पोर तिला बघून मागे झाली आणि मग हळूच पुढे आली.

"बोल तिला, हो, रागावलेय," सत्यवती म्हणाली. "आनि कोनावर ते पन सांग."

मनस्वीने डोळे पुसले आणि तेही सांगितलं.